दुखऱ्या हातानं पुन्हा कीबोर्डपाशी

“हात दुखायचा थांबला की मग ये कामावर,” असं डॉक्टर सांगतात, मालक सांगतात, घरचेही सांगतात. तिघांच्याही मनात काळजीच असते. पण ज्यांचा हात महिनोन्‌महिने दुखायचा थांबतच नाही, त्यांनी काय करायचं? बरं वाटेपर्यंत घरी बसायचं, की दुखणं घेऊनच पुन्हा खुर्चीवर बसायचं? आणि बसायचं तर किती वेळ, कसं, कोणाच्या जबाबदारीवर? कोल्हापूरच्या शाहूपुरीत हिशेबाच्या कामात उजव्या हाताचं दुखणं घेऊन वावरताना हा प्रश्न मला रोज भेटतो. माझ्या टेबलावर आणि शेजारच्या टेबलांवरही. त्याबद्दल आजवर काय कळलं आहे आणि त्यातलं आपल्याकडे काय लागू पडतं, ते इथे एकत्र मांडते आहे.

शाहूपुरी मुळात गुळाची पेठ. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ ही व्यापारपेठ वसवली. गूळ पुढे मार्केट यार्डात गेला. आज इथल्या गल्ल्यांमधून जिने चढून वर गेलं की कर सल्लागार, सीए, ट्रान्स्पोर्टवाले, डीटीपी आणि फ्लेक्सवाले भेटतात. बरीच कार्यालयं चार-पाच माणसांची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून या माणसांचा महिना तारखांनी बांधला गेला: अकरा तारखेला विक्रीचं विवरणपत्र, वीसला कराचं. त्यात ३१ जुलैची प्राप्तिकराची तारीख, मग सप्टेंबरअखेरचं लेखापरीक्षण. व्यापाऱ्याची बिलं येतात ती सतरा-अठरा तारखेला, पिशवीतून. म्हणजे महिनाभराचं काम तीन दिवसांत आणि ते सगळं बोटांवर. हात कधी दुखेल हे इथे कॅलेंडर बघून सांगता येतं, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

टॅलीवर नोंदी करणाऱ्याचं टेबल जरा जवळून बघा. लोखंडी टेबल, साधारण तीस इंच उंच, खाली कप्पा. खुर्ची वर घ्यावी तर मांड्या कप्प्याला लागतात, खाली ठेवावी तर खांदे कानांकडे चढतात. बिलांची फाइल डाव्या बाजूला उघडी, म्हणून मान दिवसभर तिकडे वळलेली. रकमा आणि जीएसटी क्रमांकातले आकडे कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या पट्ट्यावरून मारायचे, आणि त्या पट्ट्याच्याही पलीकडे माऊस. तो धरायचा तर हात अंगापासून फाकवून न्यावा लागतो. कोपराला आधार नसतो, खांदा एकटा तो हात तोलून धरतो. एका बिलाला हे काहीच नाही. दोनशे बिलं झाली की रात्री भाकरीचा तुकडा मोडतानाही मनगटातून कळ जाते.

हे दुखणं संगणकानं आणलं असं आपण समजतो, पण ते त्याहून खूप जुनं आहे. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं कामगारांच्या रोगांवर १७०० साली ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत कारकुनांवर प्रकरण घातलं. कारकुनांच्या दुखण्याची त्यानं तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हात एकाच दिशेनं अखंड चालवणं, आणि हिशेबात चूक होऊन मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला तेव्हा तो डाव्या हातानं लिहायला शिकला. थोड्याच दिवसांत डावाही तसाच झाला. तीनशे वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजही तंतोतंत लागू आहे. हात बदलला, पण कामाचा रेटा तोच राहिला, तर दुखणं दुसऱ्या हातात जातं.

पुढे तारयंत्रं आली आणि तार पाठवणाऱ्यांचे हात आखडू लागले. ब्रिटननं १९०८ मध्ये या विकाराला नुकसानभरपाईच्या यादीत घेतलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांत हातदुखीची लाटच आली. टेलिफोन खात्यातले हजारो कर्मचारी त्यात सापडले. काही वर्षांनी ती ओसरली, कीबोर्ड मात्र तेच होते. त्यावरून मोठा वाद झाला. एक बाजू म्हणाली, ही खरीखुरी इजा आहे; दुसरी म्हणाली, हे भीतीतून आणि भरपाईच्या व्यवस्थेतून वाढलेलं दुखणं आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं मुंबईतले आणि ब्रिटनमधले कर्मचारी ताडून पाहिले, तेव्हा मुंबईतल्या अंगमेहनतीच्या कामगारांनी तशाच कामातल्या ब्रिटिश कामगारांपेक्षा बरंच कमी दुखणं सांगितलं. यावरून कुणी “आपल्याकडे हे नाहीच” असा अर्थ काढू नये. दुखणं किती जाणवतं, किती सांगितलं जातं आणि त्यामुळे काम किती अडतं, यात माणसाच्या आजूबाजूच्या समाजाचाही वाटा असतो, एवढं मात्र त्यातून निश्चित दिसतं. दुखणं खरं असतं आणि ते परिस्थितीनं वाढतं-घटतं. ही दोन्ही विधानं एका वेळी खरी आहेत. एकच धरलं की माणसाचे हाल होतात.

परतीचा विचार करण्याआधी नेमकं काय दुखतंय ते तपासून घ्यायला हवं, कारण ‘हात दुखतो’ या दोन शब्दांत बऱ्याच गोष्टी दडलेल्या असतात. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या, त्याही रात्री झोपेतून उठवणाऱ्या, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. करंगळीकडच्या मुंग्या बहुधा कोपराकडून येतात. अंगठ्याच्या मुळाशी चमक, कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी ठणका, खांदा वर न जाणं ही वेगवेगळी दुखणी आहेत. मधुमेह आणि थायरॉइडच्या विकारात मनगटातली नस दबण्याचं प्रमाण जास्त असतं आणि खांदा आखडण्याचा मधुमेहाशी जवळचा संबंध आहे. म्हणून रक्ताच्या साध्या तपासण्या आधी करून घ्याव्यात. अंगठ्याच्या तळाचा मांसल भाग बसू लागला, वस्तू हातातून निसटू लागल्या, बधिरपणा जाईनासा झाला तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असो की खासगीत, लवकर दाखवावं. आणि डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम असेल तर तो कीबोर्डचा विषय नाही. थेट इस्पितळ गाठायचं.

या तपासण्यांनंतर उरतात ते बहुसंख्य लोक, ज्यांच्या अहवालात ठळक असं काहीच येत नाही. किंवा येतं ते भलतंच घाबरवणारं. “मानेच्या मणक्यात गॅप आलाय” हे वाक्य कोल्हापुरात इतक्या सहज ऐकू येतं की ते ऐकून माणूस मान हलवायलाच घाबरतो. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांच्या मानेतल्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. विशीतल्या तरुणांतही बहुतेकांच्या! म्हणजे अहवालातली ती ओळ तुमच्या हाताचं दुखणं समजावून देईलच असं नाही. तसंच संगणकामुळे मनगटातली नस दबतेच, ही समजूतही अभ्यासांत फारशी टिकलेली नाही. डेन्मार्कमध्ये हजारो कर्मचाऱ्यांच्या पाहणीत कीबोर्डचा तसा संबंध दिसला नाही. आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत मुंग्यांचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट म्हणतात, आणि त्याची चाल ताज्या इजेहून वेगळी असते. सततच्या माऱ्यानं मज्जासंस्थाच हळवी होते, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. त्यानंतर साध्या स्पर्शालाही ठणका लागू शकतो, आणि दुखण्याचा जोर म्हणजे आतल्या नुकसानीचं माप, हे गणित जुळेनासं होतं. हे कळण्याचा फायदा मोठा आहे. आज हात जास्त दुखला म्हणजे आतलं काहीतरी आणखी फाटलं, ही भीती कमी होते. तोटाही आहे: “मग हे सगळं मनाचंच” असं म्हणायला लोक मोकळे होतात. मज्जासंस्था शरीरातच असते, हे त्यांना कितीदा सांगायचं?

म्हणूनच संपूर्ण विश्रांतीचा सल्ला जुनाट दुखण्यात उलटा पडतो. महिना-दोन महिने हात जपला की स्नायूंची ताकद जाते, मज्जासंस्था आणखी हळवी होते, आणि परतल्यावर पहिल्याच वीस तारखेला माणूस पुन्हा अंथरुणाला टेकतो. याच्या उलट टोकाला ‘दुखू दे, रेटूया’ म्हणणारे. बरी वाटलेली सकाळ बघून तीन दिवसांचं साचलेलं काम उपसायचं आणि मग तीन दिवस चहाचा कपही डाव्या हातानं धरायचा. दोन्ही रस्ते एकाच खड्ड्यात जातात. अमेरिकेत विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात यातून मार्ग काढला. दुखणं सांगेल तेव्हा थांबायचं, हे त्यांनी बंद केलं आणि आधीच ठरवलेला कोटा झाला की थांबा, असं सांगितलं. आज दुखत नसलं तरी थांबायचं; थोडं दुखत असलं तरी ठरलेलं काम करायचं. सलग पंचवीस मिनिटांनी हात भरून येत असेल, तर सुरुवात वीसपासून करायची, मग थोडं उठायचं, पुन्हा वीस. आठवडाभर ते नीट पेललं तर पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं वाढवायची. दुखणं उसळलं तर काम शून्यावर आणायचं नाही. दोन-तीन दिवस निम्म्यावर आणून पुन्हा चढायचं.

शाहूपुरीच्या तालमीत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. खांदा दुखावलेला मल्ल वस्तादाच्या नजरेखाली आधी मोजके जोर मारतो, मग वाढवतो, आणि मैदानाची तारीख जवळ आली म्हणून वस्ताद त्याला एका दिवसात पाचशे जोर मारायला लावत नाही. कार्यालयात मात्र आपण नेमकं तेच करतो. व्यायामाच्या बाबतीतही तालीमच खरी ठरली आहे. डेन्मार्कमधल्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर केलेल्या २०११ च्या चाचणीत रबरी नळी ताणून हात बाजूला उचलण्याचा व्यायाम दिवसाला फक्त दोन मिनिटं करणाऱ्यांचीही मान-खांद्याची दुखणी दहा आठवड्यांत कमी झाली. बारा मिनिटं करणाऱ्यांनाही गुण आला, पण दोन मिनिटंही पुरली. अशी नळी किंवा पट्टा खेळाच्या साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतो. नस मोकळी करायला म्हणून चोळून घेणारे आपल्याकडे खूप. त्यानं घटकाभर बरं वाटत असेल तर चोळून घ्यावं, पण बधिर किंवा मुंग्या येणाऱ्या हाताला जोरानं हिसके देऊन घेऊ नयेत.

इंजेक्शनाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण विवरणपत्रांच्या हंगामाआधी ते घेऊन येणारे मी बघते. कोपराच्या बाहेरच्या दुखण्यावर, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, स्टेरॉइडचं इंजेक्शन सहा आठवडे झकास काम करतं. ऑस्ट्रेलियातल्या २००६ आणि २०१३ च्या चाचण्यांत वर्षभरानंतर बघितलं तेव्हा इंजेक्शन घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा मागे होते. दुखणं उलटण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त. सप्टेंबर निभावून न्यायचा म्हणून पुढचं वर्ष गहाण टाकायचं का, हे डॉक्टरांना समोर बसून विचारावं. दबलेल्या नसेचा प्रश्न वेगळा. तिथे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, प्रसंगी इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांना जागा आहे.

आता साधनं. वाकडे कीबोर्ड, उभे माऊस, मनगटाखालच्या गाद्या यांच्या जाहिराती खूप आशा लावतात. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात कार्यालयीन कर्मचाऱ्यांवरच्या १५ चाचण्या आणि २,१६५ माणसं एकत्र तपासली गेली. हाताला आधार देणारी पट्टी आणि वेगळ्या घडणीचा माऊस यांचा उपयोग काही चाचण्यांत दिसला, काहींत नाही; बाकी साधनांच्या बाजूनं ठोस पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ टेबल जसं आहे तसं राहू द्या, असा नाही. कोपराला टेकण मिळालं पाहिजे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. कीबोर्ड आत सरकवून हात टेबलावर विसावतील एवढी जागा करायची. खुर्ची वर घेऊन पायाखाली पाट घ्यायचा. बिलं पडद्याशेजारी उभी धरणारा स्टँड लावायचा. आकड्यांचा पट्टा नसलेला छोटा कीबोर्ड आणि सुटा पट्टा घेतला तर माऊस अंगाजवळ येतो. हिशेबाच्या कामाला मला हा बदल सगळ्यांत मोलाचा वाटतो. आठ-दहा हजारांच्या खुर्चीआधी हे करून बघावं.

साधनांपेक्षा मला जास्त आशेचा वाटणारा पुरावा आहे तो वेळेच्या वाटणीचा. तोही नेमका आपल्याच धंद्यातला. अमेरिकेच्या महसूल खात्यात विवरणपत्रांच्या नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोन नेहमीच्या सुट्ट्यांखेरीज, एरवी सुट्टी नसलेल्या प्रत्येक तासात पाच मिनिटं जादा देऊन बघितली गेली. दिवसाला एकूण वीस मिनिटं. त्यांचं हातांचं, डोळ्यांचं दुखणं कमी झालं आणि नोंदींची संख्या घटली नाही. हे २००० साली प्रसिद्ध झालं आणि २००७ मध्ये पुन्हा तपासलं गेलं. दुसऱ्या खेपेला ताणण्याचे व्यायामही सांगितले होते, पण ते फारसे कुणी केलेच नाहीत. नुसत्या विश्रांतीनंही फरक पडला. चाचण्या लहान आहेत, कोक्रेनवाल्यांनी त्या पुराव्याला कच्चाच म्हटलं आहे. तरीही वीस मिनिटांचा खर्च सोसून न घटणारं काम, हा सौदा कुठल्याही मालकानं करून बघावा असाच आहे.

दिवसाचा हिशेब कार्यालयात संपत नाही, हे विशेषतः बायकांच्या बाबतीत सगळेच विसरतात. सकाळी पीठ मळणं, भाकरी थापणं, कपडे पिळणं, मग उचगाव किंवा कदमवाडीहून खड्ड्यांतून दुचाकी, उजवी मूठ पिळलेली, मग नोंदी, परतीला पुन्हा तीच मूठ, रात्री अंगठ्यानं मोबाइल. फिजिओथेरपिस्ट विचारतात, “संगणकावर किती तास?” आणि उत्तर येतं, “सहा.” हात चालतो चौदा तास. कामावर परतण्याच्या पहिल्या महिन्यात घरातली ही कामं कोण उचलणार, याचं उत्तर नसेल तर कार्यालयातला वीस मिनिटांचा कोटा कागदावरच राहतो. मुलगा कणीक मळू शकतो, नवरा कपडे पिळू शकतो. ज्या घरांत हे झालं तिथल्या बायका टिकल्या, हे मी पाहिलं आहे.

बोलून लिहिण्याची सोय हाताला मोठा दिलासा आहे. गुगलनं मराठी आवाज ओळखणं २०१७ मध्ये आणलं. ग्राहकांना निरोप, नोटिशीच्या उत्तराचा कच्चा मसुदा आता बोलून होतो. आकड्यांना मात्र ते अजून भरवशाचं नाही, आणि चार माणसांच्या खोलीत सगळेच बोलू लागले तर काय होईल ते सांगायला नको. डीटीपीवाल्यांची वेगळीच अडचण: बोललेला मजकूर युनिकोडमध्ये येतो, आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात मांडणी करायची तर तो बदलून घ्यावा लागतो, बदलताना जोडाक्षरं तपासावी लागतात. हिशेबात खरी बचत नोंदच टाळण्यात आहे. बँकेचा उतारा आणि विक्रीची यादी एक्सेलमध्ये मागवून थेट टॅलीत घेता येते. व्यापाऱ्याला पिशवीऐवजी फाइल पाठवायची सवय लावणं, हा हातदुखीवरचा उपाय आहे, हे वाचून कुणाला नवल वाटेल, पण तसंच आहे.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोगे २९ आजार होते. त्यांत कीबोर्डवर दुखावलेला हात नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या यादीत मनगट, कोपर आणि स्नायूंची ही दुखणी आहेत. राज्य कामगार विम्याचं छत्र दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला आणि एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराला. शाहूपुरीतली चार-पाच जणांची कार्यालयं त्याच्या बाहेर. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार मोजले आहेत, जुनाट वेदना हा त्यांतला स्वतंत्र प्रकार नाही. सरकारी लिपिकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांचा वेग लागतो. टायपिंगच्या संस्थांत मुलं तो कमावतात. वेगाबरोबर थांबणंही शिकवावं असं अभ्यासक्रम आखणाऱ्यांना वाटलेलं दिसत नाही.

म्हणून जे काही घडायचं ते मालक आणि कर्मचारी यांच्या बोलण्यातून घडतं. तिथे ‘मला त्रास होतो, सांभाळून घ्या’ या विनवणीपेक्षा नेमकी मागणी चालते, असा माझा अनुभव आहे. पहिले चार आठवडे नोंदी अर्धा दिवस, उरलेल्या वेळात ताळे तपासणं, फोन, स्कॅनिंग. बिलं दर आठवड्याला गोळा करायची, वीस तारखेच्या तोंडावर नाही. तासाला पाच मिनिटं सगळ्यांनाच, एकट्या आजारी माणसाला नाही, म्हणजे कुणी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही. हे तोंडी न ठेवता चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावावं. पगारदाराला निदान एवढं मागता येतं. पानामागे पैसे घेणारा डीटीपीवाला, नोंदीमागे दर ठरलेली घरून काम करणारी मुलगी यांना थांबलेलं प्रत्येक मिनिट स्वतःच्या खिशातून भरावं लागतं, आणि त्यांच्यासाठी वरचा कुठलाच उपाय पूर्ण लागू पडत नाही. त्यांचा दर ठरवताना थांबण्याचा वेळ त्यात धरला जावा, ही मागणी करायला आज कुणी नाही. जीएसटीतल्या प्रत्येक बदलावर कोल्हापुरात सीए आणि कर सल्लागारांची चर्चासत्रं होतात. बिलं सतराला का येतात, ती पाचला कशी आणायची आणि सुट्या कामाचा दर कसा धरायचा, यावर त्यांतलं एक सत्र येत्या मार्चच्या आत घ्यावं.